रोकड्यांच्या घरची वेळ

भीमराव रोकड्यांची सव्वीस वर्षं कल्याणच्या एका कचेरीत आवक-जावक नोंदवण्यात गेली. निवृत्तीनंतर घरात ना काही आवक राहिली ना जावक, तेव्हा त्यांनी रेल्वे नोंदवायला घेतली. मोरिवलीतल्या त्यांच्या खिडकीसमोरूनच रूळ जात. सकाळची सहा बावन्न स्टेशनातून सुटून समोरून गेली की भीमराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि वहीत लिहीत : 'बावीस मिनिटे उशीर.' शेऱ्याच्या रकान्यात : 'नेहमीप्रमाणे.'

वहीला कारण होतं. धाकटी स्वप्नाली ठाण्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागली होती. पाच लेटमार्क झाले की नोकरी संपली. या गाडीपायी चार झाले होते.

"आधीची सहा एकतीस पकड ना," आई सरस्वतीबाई म्हणत.

"त्याला पाचला उठावं लागतं, आई. मी काय कोंबडा आहे?"

उशिराचा राग मात्र भीमरावांचा जुनाच. कारखान्याचा भोंगा दहा मिनिटं उशिरा वाजतो, टीव्हीच्या बातम्या दहा मिनिटं उशिरा लागतात, हे सगळं त्यांनी टिपून ठेवलेलं. "सगळा देशच मागे आहे," असं ते म्हणत आणि हातातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाला लावून घेत.

प्रवासी संघटनेचे अध्यक्ष हरिचंद्रशेठ वहीवर खूश होते. "आता सायबाला पळायला जागा नाय," म्हणत ते भीमरावांना बैठकीला घेऊन गेले.

रेल्वेचे साहेब मन लावून वाचत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"नऊ तारीख. दहा मिनिटं उशीर?"

"लेखी आहे, साहेब."

"नऊला पाहणीसाठी मी स्वतः त्या गाडीत होतो. ठोक्याला सुटली होती."

साहेबांनी वही मिटली. चहाही न घेता हरिचंद्रशेठ उठले. रिक्षात एवढंच म्हणाले, "भीमराव, माझी इज्जत रुळावर नेऊन ठेवलीत."

घरी सरस्वतीबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांचा हात ताटातच राहिला.

"अहो, एक सांगू? ते घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही नोकरीला लागलात तेव्हापासून. पहिल्याच आठवड्यात दोनदा गाडी चुकली. कचेरीतला साहेब बोलला म्हणून तुम्ही जेवला नव्हता. मग मीच काटा सरकवला. सेल बदलला की परत सरकवते."

भीमराव खाटेवर बसले. सव्वीस वर्षांत त्यांची गाडी एकदाही चुकली नव्हती आणि त्याचं श्रेय त्यांनी स्वतःच्या शिस्तीच्या नावे जमा केलं होतं. भोंग्यावर आणि बातम्या देणाऱ्या बाईवर काढलेला राग तर कुठल्या खात्यात घालावा, तेही सुचेना.

"वही आण," ते अखेर म्हणाले. "आणि लाल पेन."

सरस्वतीबाई आकडा वाचत, भीमराव त्यातून दहा वजा करत. नऊ तारखेला 'वेळेवर' लिहिताना त्यांना जिवावर आलं, पण लिहिलं. तरी बाकी दिवशी बारा-बारा मिनिटं उरलीच.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच ती वही घेऊन साहेबांकडे गेले. "तक्रार कमी करायला आलेला माणूस पहिल्यांदा बघतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी वही ठेवून घेतली.

महिन्याभराने नवं वेळापत्रक लागलं. सहा बावन्नची गाडी आता सात चारची झाली होती.

"आता रोज टायमावर," हरिचंद्रशेठ पेढे वाटत म्हणाले.

भीमरावांना पेढा गिळवेना. सरस्वतीने दहा मिनिटं सरकवली ती माणसासाठी, रेल्वेवाल्यांनी बारा सरकवली ती कागदासाठी. ठाण्याला उतरून पळत सुटत स्वप्नालीने महिना कसाबसा काढला होता, पण सात चारच्या गाडीने आज ना उद्या पाचवा लेटमार्क ठरलेलाच.

रविवारी दुपारी स्वप्नाली मैत्रिणीकडे उल्हासनगरला गेली. भीमराव बाहेरच्या खोलीत आले तर सरस्वतीबाई स्टुलावर, हातात घड्याळ. चोरी पकडल्यासारख्या त्या थबकल्या. भीमरावांनी पुढे होऊन स्टूल धरलं.

"किती करतेस?"

"अजून वीस."

"पंचवीस कर. हिला वेणीला वेळ लागतो." मग स्वप्नाली चार्जिंगला लावून विसरून गेलेल्या मोबाइलकडे बघून ते म्हणाले, "त्याचं मी बघतो." आयुष्यातली पहिली खोटी नोंद त्यांनी चष्मा पुसून, नीट जमेपर्यंत तीनदा केली.

सोमवारी स्वप्नाली नेहमीसारखीच धावत गेली. थोड्या वेळात सहा एकतीस खिडकीसमोरून गेली. भीमरावांनी वही उघडली, पण काही लिहिलं नाही.

संध्याकाळी ती खुशीत घरी आली. "पप्पा, तुमच्या वहीने काम केलं. गाडी सात चारला आली, एक-दोन मिनिटं इकडे-तिकडे. मी सगळ्यांच्या आधी पोचले."

"छान."

"पण दवाखान्याचं घड्याळ बघा, पस्तीस मिनिटं स्लो आहे. कुणाला पत्ताच नाही."

आत सरस्वतीबाईंचं लाटणं पोळीवर थांबलं. भीमरावांनी वहीतून मान वर केली नाही.

"काय करणार, बाळा," ते म्हणाले, "सगळा देशच मागे आहे."