आगाऊ शुभेच्छा

हृषिकेश ठोंबरेला 'नाही' म्हणता येत नसे. साताऱ्यात हा सद्गुण समजला जायचा. जर्मनीत बॉबलिंगेनला ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लागल्यापासून मात्र हा सद्गुण त्याला भलताच महागात पडू लागला होता. जर्मन माणसाला एकदा 'हो' म्हटलं की तो ते काम झालंच असं धरून चालतो. हृषिकेशच्या 'हो'चा अर्थ तेवढा मोठा नव्हता. 'तुम्ही बोललात, मी ऐकलं, आता बघू' एवढंच त्याला म्हणायचं असे.

त्यात आदल्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, कंपनी एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि मिशिगनहून टॉड नावाचे साहेब वरच्या खुर्चीवर येऊन बसले. टॉडसाहेबांचं दार सदा उघडं. कॉरिडॉरमध्ये जो भेटेल त्याला ते हसून "कसं काय?" विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. सुरुवातीला जर्मन मंडळी थांबून खरोखरच उत्तर देत. ऑफिस सांभाळणाऱ्या फ्राउ हेबर्ले यांनी एकदा आपल्या गुडघ्याची हकीकत सांगायला घेतली होती. त्या दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत आल्या तोवर टॉड लिफ्टमधून खाली पोचले होते.

याच्या उलट हेर, म्हणजे श्रीयुत, क्युबलर. ते चाचणी विभागाचे प्रमुख. त्यांचं दार बंद असे, आणि ठोठावल्यावर आतून आवाज येईपर्यंत बाहेर उभं राहावं लागे. त्यांचं पहिलं नाव वुल्फगांग आहे हे टॉड येईपर्यंत कित्येकांना ठाऊकच नव्हतं. जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि समोर दिसलेली चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कॅन्टीनच्या मेन्यूवरचा चुकलेला स्वल्पविरामही त्यांनी एकदा खिशातली पेन्सिल काढून जागेवर आणला होता आणि मगच सूप घेतलं होतं.

हृषिकेशचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरअखेर संपत होतं. ते कायम करायचं की नाही हे क्युबलर ठरवणार होते. त्यासाठी सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली होती. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला तर बिऱ्हाड उचलून परत साताऱ्याला. त्याची बायको ऊर्मिला हिने दुकानात एक निळा सोफा हेरून ठेवला होता. दर शनिवारी ती तिथे जाऊन त्यावर दहा मिनिटं बसून यायची. घ्यायची हिंमत होत नव्हती. हृषिकेशची आई कुंदाताई नुकत्याच तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि मुलगा रात्री कूस बदलत का पडतो हे त्यांना न सांगताच कळलं होतं.

त्या आठवड्यात टॉडना कुठूनसा शोध लागला की रविवारी क्युबलरना एकोणसाठ वर्षं पूर्ण होतात. त्यांनी हृषिकेशला बोलावून घेतलं.

"शुक्रवारी तीन वाजता पार्टी, रिशी. सरप्राइज. वुल्फगांगला पत्ता लागता कामा नये. फॅमिलीला आण, मॉमला तर आणच. तू ते दिवा ओवाळण्याचं सांगितलं होतंस ना, तेही करू. सगळं तुझ्यावर सोपवलं."

हृषिकेश अर्थातच "हो" म्हणाला.

गुपित इतकं कडक राखायचं ठरलं की ऑफिसातल्या इतरांनाही फक्त 'शुक्रवारी तीनला मीटिंग' एवढंच कळवलं. क्युबलरना पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या अहवालावर चर्चा आहे असं सांगितलं. त्यामुळे ही मीटिंग कशाची हे एकाही जर्मन माणसाला शुक्रवारी दुपारपर्यंत कळलं नाही. दुपारी बेकरीतून केक आला आणि चहाच्या खोलीत फ्राउ हेबर्ले यांनी खोक्याचं झाकण उचललं.

"हेर ठोंबरे, हा कुणाचा वाढदिवस?"

हृषिकेशने हळू आवाजात सांगितलं. फ्राउ हेबर्ले यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं.

"पण तो तर रविवारी आहे."

"हो, पण रविवारी ऑफिस बंद असतं ना."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून सोमवारी द्यायच्या शुभेच्छा. नंतर चालतात, आधी चालत नाहीत."

मग त्यांनी त्याला कोपऱ्यात घेऊन सगळं समजावलं. वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं म्हणजे त्या माणसावर संकट आणणं. तो त्या दिवसापर्यंत धडधाकट पोचेल याची मग खात्री नाही. आणि हेर क्युबलर, जे मोजपट्टीवाचून कशावरच विश्वास ठेवत नाहीत, ते या एका गोष्टीवर ठेवतात. एका शिकाऊ मुलाने त्यांना एकदा वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या होत्या. संध्याकाळी ते सफरचंदं काढताना शिडीवरून पडले आणि वाढदिवस पायाला प्लॅस्टर घालून साजरा झाला. शिवाय इथे ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो. दुसऱ्यांनी आणला म्हणजे या बिचाऱ्याच्याने आता तेवढंही होत नाही, असा अर्थ व्हायचा.

 हृषिकेश धावत टॉडकडे गेला. टॉड फुगे फुगवत होते आणि त्यांचे गाल लालबुंद झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हृषिकेशच्या पाठीवर थाप मारली. इंजिनिअर माणूस असलं काही मानेल यावर त्यांचा विश्वास बसेना. सरप्राइज न आवडणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. पार्टी पुढे ढकलली तर फुगे सुकतील, ही अडचणही त्यांनी दाखवली. हृषिकेश "हो" म्हणून बाहेर आला.

निदान पुरावा तरी कमी करावा म्हणून त्याने प्लॅस्टिकचा चमचा घेतला आणि केकवरच्या 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' यातलं 'वाढदिवसाच्या' हळूहळू खरवडून खाऊन टाकलं. नुसत्या शुभेच्छा कुणालाही, कशाच्याही देता येतात. ही युक्ती त्याला बरी वाटली. तेवढ्यात टॉड आत डोकावले. केकवर रिकामी जागा दिसताच त्यांना आनंद झाला आणि त्यांनी तिथे मेणबत्त्या खोचायला घेतल्या. एकोणसाठ.

पावणेतीनला ऊर्मिला आणि कुंदाताई आल्या. कुंदाताईंनी रेशमी साडीवर मुलाचा जाड कोट आणि पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज घातले होते. एका हातात बेसनाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्यात निरांजन, कुंकू, अक्षता मांडलेलं ताम्हन. त्यांनी उत्सवमूर्ती कुठे आहेत म्हणून विचारलं.

उत्सवमूर्ती ठरल्या वेळेच्या जरा आधीच हजर झाले. बगलेत अहवालाची फाइल होती. टॉड तेव्हा खुर्चीवर चढून शेवटचा फुगा बांधत होते. ते तिथूनच "सरप्राइज" म्हणून ओरडले आणि वाढदिवसाचं इंग्रजी गाणं गाऊ लागले. एकटेच. कारण केक बघून एव्हाना सगळ्या ऑफिसला उलगडा झाला होता, आणि चुकून शुभेच्छा तोंडाबाहेर पडू नये म्हणून जर्मन मंडळी ओठ घट्ट मिटून भिंतीला पाठ लावून उभी होती. कुणीच साथ देईना तेव्हा साहेबांना एकटं कसं सोडायचं म्हणून हृषिकेशने बारीक आवाजात सूर लावला. क्युबलरनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा सूर जागच्या जागी विरला.

गाणं संपलं. क्युबलरनी फाइल टेबलावर ठेवली.

"माझा वाढदिवस रविवारी आहे."

"माहीत आहे की. म्हणून तर आज," टॉड म्हणाले.

"आज शुक्रवार आहे." मेणबत्त्यांचं मेण शुभेच्छांवर गळू लागलं होतं. "हे कुणी ठरवलं?"

अमेरिकन माणसांत एक मोठा गुण असतो. दुसऱ्याचं श्रेय ते कधी लाटत नाहीत. टॉड खुर्चीवरून उतरले, त्यांनी हृषिकेशच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळं काही एकट्या रिशीने केलं आहे, असं जाहीर करून टाळ्या वाजवल्या. याही त्यांच्या एकट्याच्याच.

"आल्झो, असं तर," क्युबलर म्हणाले. "हेर ठोंबरे, सोमवारी नऊ वाजता आपलं बोलायचं ठरलं आहे. सोमवारी मी असलो, तर बोलू."

 ऊर्मिलाने डोळे मिटून घेतले. निळा सोफा तिला दुकानातच राहिलेला दिसला असावा.

"काय रे, बिनसलं कुठे?" कुंदाताईंनी मुलाला विचारलं. "गाणं बेसूर झालं म्हणून रागावले का?"

हृषिकेशने एका दमात सगळं सांगितलं. कुंदाताईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रक्ताचा थेंब नव्हता तिथे.

"एवढंच ना. जन्मसाल कुठलं यांचं? महिना हाच? थांब जरा." ताम्हन सुनेच्या हातात देऊन त्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागल्या. ओठ पुटपुटत होते. सगळं ऑफिस बघत राहिलं. मग त्यांनी मान वर केली. "घटस्थापनेचा जन्म. तिथीने यांचा वाढदिवस काल झाला. आपण आधी नाही आलो, उशिरा आलोय. सांग त्यांना."

तिथीला जर्मन शब्द काही हृषिकेशला सापडला नाही. आमच्याकडे चंद्रावर चालणारं एक कॅलेंडर असतं, अशी त्याने सुरुवात केली. क्युबलर नियमांचे भोक्ते होते. कॅलेंडर हा शब्द कानावर पडताच त्यांनी चष्मा सारखा केला आणि ही पद्धत किती जुनी, अधिकचे दिवस कुठे धरतात, चूक झाली तर कोण दुरुस्त करतं, असे प्रश्न विचारले. कुंदाताई अडखळल्या नाहीत.

"म्हणावं, माणूस चुकेल, चंद्र चुकत नाही. तुमची कंपनी निघायच्या आधीपासून तो वेळेवर येतोय."

क्युबलरनी शेवटी एकच विचारलं, "त्या तिथीला रात्री चंद्र कसा दिसतो?"

"दिसत नाही म्हटलं तरी चालेल. दिसलीच तर नखाएवढी कोर."

क्युबलर बराच वेळ कुंदाताईंकडे बघत राहिले. मग त्यांनी हृषिकेशकडे पाहिलं. तो टेबलाची कड धरून उभा होता.

"म्हणजे या शुभेच्छा उशिराच्या," ते म्हणाले. "उशिराच्या चालतात."

फ्राउ हेबर्ले यांनी पुढे होऊन हात मिळवला. मागे रांग लागली. कुंदाताईंनी कुंकू लावलं. औक्षणाला पूर्वेकडे तोंड लागतं हे कळल्यावर क्युबलरनी खिडकीतून सूर्य बघून पूर्व नक्की केली आणि मगच ते सावधानमध्ये उभे राहिले. टॉडना गहिवरून आलं आणि त्यांनी क्युबलरना मिठी मारली. ती संपेपर्यंत क्युबलर विजेच्या खांबासारखे ताठ होते.

सोमवारी क्युबलर धडधाकट आले. हातात स्वतः आणलेला प्लमचा केक होता. टॉड हळहळले. शुक्रवारी एवढं करूनही या माणसाला आपला केक आपणच आणावा लागतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. नऊ वाजता क्युबलरनी हृषिकेशच्या अहवालातले चार स्वल्पविराम दुरुस्त केले आणि कॉन्ट्रॅक्टवर सही केली. ऊर्मिलाने त्याच संध्याकाळी सोफा नोंदवला. तो आठ आठवड्यांनी येणार होता.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच्या पुढच्या सोमवारी, कधी कुणाच्या टेबलाशी न जाणारे क्युबलर फॉइलने झाकलेली बशी घेऊन हृषिकेशच्या टेबलापाशी आले.

"सफरचंदाचा केक. आज माझा वाढदिवस आहे. तुमच्या पद्धतीने."

हृषिकेश उठून उभा राहिला.

"मी चंद्राच्या तक्त्यांवरून हिशेब केला. तुमच्या आईंचं चुकलं. आणि मला ते त्या शुक्रवारीच कळलं होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "मी जन्मलो तेव्हा युद्ध नुकतं संपलं होतं. वीज नव्हती. माझी आई सांगायची, चांदणं इतकं लख्ख होतं की सुईणीला कंदील लागला नाही. नखाएवढ्या कोरीत ते होत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

क्युबलरनी खिशातली पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिली.

"त्या फार खात्रीने सांगत होत्या. आणि तुम्ही पडायच्या बेतात होता." मग ते म्हणाले, "ते दोन दिवस मी शिडीवर चढलो नाही. गाडीही काढली नाही. काही झालं नाही. तुमच्या आईंना मात्र यातलं काही कळता कामा नये. वचन द्या."

"हो," हृषिकेश म्हणाला.

संध्याकाळी कुंदाताई घडीच्या खुर्चीत बसून तो केक खात होत्या. क्युबलरसाहेबांनी दिलाय हे ऐकल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"तुला म्हणून सांगते. मला कुठली रे तिथी काढता येते? पंचांगसुद्धा साताऱ्याला राहिलंय. तुझं तोंड बघवेना, आणि घटस्थापना आदल्याच दिवशी झालेली, तीच तोंडात आली."

"मग पेरांवर एवढा वेळ काय मोजत होतीस?"

"लाडवांचं प्रमाण. किलोला तूप किती ते." त्यांनी चमचा परत उचलला. "पण त्यांना कधी कळू देऊ नकोस हं. भला माणूस. किती विश्वासाने पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला."

"हो," हृषिकेश म्हणाला.

एकाच दिवसात दोघांना दिलेले हे दोन 'हो' त्याने पुढे जर्मन पद्धतीने पाळले.