इन्शिराहच्या घरातला फ्रीज

विधवांच्या सरकारी मदतीत लबाडी फार वाढली, म्हणून कचेरीने घरोघर तपासणी सुरू केली. सकाळी निरोप आला, दुपारी तपासनीस वगदीसाहेब इन्शिराहच्या घरी येणार. घरात होती एक चटई, एक स्टोव्ह आणि दोन पातेली. तिचं आणि दोन मुलींचं पोट त्या मदतीवरच चालत होतं.

समोरच्या दौलतबाईंनी ते सामान पाहून कपाळाला हात लावला. "अगं, पाहुण्याला जमिनीवर बसवणार? अख्ख्या गल्लीचं नाक कापशील."

इन्शिराह म्हणाली, तो पाहुणा नाही, सरकारी माणूस आहे. दौलतबाई म्हणाल्या, उंबरा ओलांडला की पाहुणाच. तासाभरात सोनेरी काठाच्या खुर्च्या आल्या, गालिचा आला, टीव्ही आला आणि चौघांनी उचलून फ्रीजही आणला. जागा व्हावी म्हणून चटई, स्टोव्ह आणि पातेली दौलतबाईंच्या गच्चीवर गेली.

वगदीसाहेब खुर्चीत बसले, जास्वंदीचं गार सरबत प्यायले, त्यांनी फ्रीजकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणत कागदावर लिहिलं, लबाडी. मदत बंद.

इन्शिराह पुढे झाली. "साहेब, फ्रीज माझा नाही हो."

"मग कुणाचा?"

"माझा," दारातून दौलतबाई म्हणाल्या. खुर्च्या इस्त्रीवाल्या शाकिरकाकांच्या निघाल्या, टीव्ही त्यांच्या मेव्हण्याचा. साहेबांचं डोकं चक्रावलं. त्यांनी हुकूम सोडला, ज्याचं त्याने माझ्यासमोर घेऊन जावं. उरेल ते हिचं.

फ्रीज गेला. टीव्ही गेला. "जरा उठता का, साहेब," म्हणत शाकिरकाकांनी खुर्ची नेली. पायाखालचा गालिचा गेला, आणि हातातला पेलाही कुणीतरी अदबीने काढून घेतला. उरल्या चार भिंती.

साहेबांनी पहिली ओळ खोडली आणि नियम चाळले. "घर रिकामं. म्हणजे इथे कुणी राहत नाही. पत्ता खोटा. मदत बंदच."

दौलतबाईंनी घाईघाईने सांगितलं, हिचं सामान माझ्या गच्चीवर आहे.

"म्हणजे ही तुमच्या गच्चीवर राहते?"

आता दौलतबाईही गोंधळल्या. इन्शिराहने मुलींना जवळ ओढलं आणि तिघी उघड्या फरशीवर मधोमध बसल्या.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "घरात काय दिसतं ते लिहा."

साहेबांनी तिघींकडे पाहिलं. मग 'घरातील सामान' या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं, बाई एक, मुली दोन. मदत चालू. टेबल नव्हतं, म्हणून शिक्का त्यांनी कागद भिंतीला लावून मारला.