आगळाच्या बाटलीवरचा लाल गोल

दत्तप्रसाद पुण्यात गाड्या काढत असे. म्हणजे कागदावर. २०५० साली रस्त्यावर येतील अशा त्या गाड्यांना ना स्टिअरिंग होतं, ना दाराला मूठ. काढून टाकता येईल ते सगळं काढून टाकायचं, उरेल ते डिझाइन, असं त्याचे साहेब म्हणत. मे महिन्यात तो वालावलजवळच्या वाडीत मथुरामावशीकडे आला, तेव्हा त्याने तिला लॅपटॉपवर अशी एक गाडी दाखवली. मावशीने ती नीट बघितली आणि विचारलं, "मूठ नाय तर मगे माणसा आत चडतत कशी?"

मावशी कोकमाचं आगळ, म्हणजे सोलकढीसाठीचा खारवलेला रस, करून विकायची. बाटलीवरच्या लेबलावर रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड, समई, नारळ आणि 'शुद्ध' हा शब्द चार ठिकाणी होता. हे लेबल नव्हे, आठवड्याचा बाजार आहे, असं दत्तप्रसादचं मत पडलं. यंदाच्या सातशे बाटल्यांना नवी ओळख द्यायचं त्याने अंगावर घेतलं.

तीन दिवस विचार करून त्याने एकेक वस्तू काढून टाकली. शेवटी पांढऱ्या कागदावर बारीक चौकट आणि आत रातांब्याच्या रंगाचा एक गोल, एवढंच उरलं. मावशीचं नाव खाली मुंगीएवढ्या अक्षरांत गेलं. शाकाहाराचा हिरवा ठिपका मूळ कल्पनेला बाधा आणत होता, म्हणून तो बाटलीच्या पाठीमागे गेला. मावशीचा माल पोचवणाऱ्या महादूकाकांच्या तीनचाकी टेम्पोवरचे दोन पोपटही गेले आणि पांढऱ्या अंगावर दोन्ही बाजूंनी परातीएवढा लाल गोल आला. पोपटांचं काकांना वाईट वाटलं, पण मावशीचा भाचा शिकलेला, म्हणून त्यांनी रंगाचा डबा स्वतःच धरला.

पहिली खेप गावच्या देवळात होती. सप्ताहाच्या महाप्रसादाला सोलकढीसाठी पन्नास बाटल्या हव्या होत्या. वाटेत नाक्यावर दोन बायका पिशव्या घेऊन टेम्पोला आडव्या आल्या आणि बांगडे आहेत का म्हणून विचारू लागल्या. काकांनी आगळ आहे म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी टेम्पोच्या गोलाकडे संशयाने पाहिलं. दत्तप्रसादला वाटलं, लोकांचं लक्ष वेधलं जातंय.

देवळात स्वयंपाकाची व्यवस्था भिकाजी बघत. त्यांनी एक बाटली उचलली, हात लांब करून धरली आणि तशीच खाली ठेवली.

"मथुरेक सांग, ह्यां देवळात चलाचा नाय. ह्यो लाल ठिपको मांसाहाराचो."

दत्तप्रसादने शांतपणे समजावलं की नव्या नियमाप्रमाणे मांसाहाराला त्रिकोण असतो, ठिपका नाही. शिवाय हा ठिपकाच नाही, हे कोकमाचं सार आहे. भिकाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"त्रिकोण सरकारात असतलो," ते म्हणाले. "हयसर लोकांका ठिपकोच ठावक."

मग लेबलं सोलायचा प्रयत्न झाला. पण गोंद दत्तप्रसादने खास निवडलेला होता. तो २०५० पर्यंत टिकला असता. शेवटी मावशीला बोलावून आणलं. तिने देवळातलं मोठं पातेलं मागवलं, एकेक बूच उघडलं आणि पन्नासही बाटल्या त्यात ओतल्या. भिकाजींची आता काहीच हरकत नव्हती. पंगतीत लोकांनी सोलकढी तीनतीनदा मागून घेतली.

पण रिकाम्या बाटल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मथुरेच्या आगळात सुंगटं, म्हणजे कोळंबी, घालतात, अशी बातमी दोन दिवसांत कुडाळपर्यंत गेली. दुकानदारांनी खोकी परत पाठवली. सहाशेच्या वर बाटल्या पडवीत रांगेने उभ्या राहिल्या. मावशी भाच्याच्या ताटात भात जास्त वाढू लागली. ते त्याला फार लागलं. तो खोबरेल तेल घेऊन लेबलं काढायला बसला. दुपारपर्यंत अकरा निघाली.

चौथ्या दिवशी मालवणहून फेबीचा फोन आला. तिची खानावळ होती आणि नव्या लेबलाची दोन खोकी तिच्याकडे आधीच गेली होती. घाटावरच्या पर्यटकांनी ही माशांबरोबर प्यायची खास सोलकढी आहे असा समज करून घेतला होता आणि ते तिच्या टेबलावरच्या बाटल्या विकत मागून नेत होते.

"मथुराबाय, तां माशांचा आगळ आसा तितक्या धाड," ती म्हणाली.

मावशीने आगळात मासे नसल्याचं सांगितलं.

"माका ठावक आसा. मी लोकांकाय सांगलंय. पण ते आयकनत नाय."

आठवड्यात पडवी रिकामी झाली. अकरा सोललेल्या बाटल्या तेवढ्या मागे राहिल्या. त्या फेबीने घेतल्या नाहीत.

मावशीने मग निर्णय घेतला. आगळ एकच, लेबलं दोन. दोन्हींवर हिरवा ठिपका पुढे आणि मोठा. फेबीसाठी दत्तप्रसादचा गोल राहील, देवळासाठी आणि दुकानांसाठी खराखुरा रातांबा काढायचा.

पहिला रातांबा तिने सफरचंद म्हणून परत केला. दुसरा टोमॅटो निघाला. तिसऱ्याचा देठच चुकला होता. दत्तप्रसादने लॅपटॉप मिटला आणि कागद-पेन्सिल घेऊन तो परसात झाडाखाली जाऊन बसला. देठाजवळच्या चार पाकळ्या फळाला कशा चिकटून राहतात, हे त्याने तासभर पाहिलं. मग एकही रेघ न वगळता रातांबा काढला आणि घरात आणून मावशीच्या हातात दिला.

मावशीने कागद दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला.

"बरो आसा," ती म्हणाली. "पण अजून पिकाक नाय. दोन दिस थांबान काढूक होयो होतो."

दत्तप्रसादने पुण्याचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं.