दिगंबरअण्णांचे आठ नातेवाईक

बेलूरच्या आमच्या फळांच्या रसाच्या कारखान्यात, कंट्रोल पॅनेलच्या आत, दिगंबरअण्णांचे आठ नातेवाईक राहतात. बॉयलरचा दाब, रसाचं तापमान असलं मोजून पाठवणाऱ्या सेन्सरांच्या तारा एका अ‍ॅनालॉग कार्डात येतात. त्या कार्डाचे आठ चॅनेल. अण्णांनी आठांना नावं दिलीत. पहिले, बॉयलरच्या दाबाचे, थोरले काका. तिसरी कुंदगोळची आत्या, "तिचं ऐकून घ्यायचं, विश्वास ठेवायचा नाही." सहावे जावईबापू, विचारल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

मी नवीन लागले तेव्हा अण्णांनी मला आधी स्क्रू आवळायला बसवलं. आवळलेली तार दोनदा ओढून बघायची. जरा घाई केली की मागून कानडीत "निधान, निधान!", म्हणजे सावकाश. एकदा तारेवरच्या जाळीचं अर्थिंग मी दोन्ही टोकांना केलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अयो अक्का! तारेला माहेर एकच. दोन केलीस की आकडे नाचतात." मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. पण कारखान्यातली प्रत्येक बाई त्यांची अक्काच.

यंदा ऐन आंब्याच्या हंगामात ते कार्ड गेलं. अण्णांनी नवं बसवलं, सेटिंग माझ्यावर सोपवलं आणि चहाला गेले. मी पॅनेल चालू केलं मात्र, पडद्यावर बॉयलरचा दाब एकदम शिगेला! भोंगा वाजला, बॉयलर बंद, आमरसाची अख्खी लाईन ठप्प.

अण्णा धावत आले. आधी बॉयलरवरचं गेज बघितलं. काटा निवांत होता. मग माझा लॅपटॉप बघितला. सेन्सर पाठवतो करंट आणि मी थोरल्या काकांना ठेवलं होतं व्होल्टेजवर. अण्णांनी गुपचूप सेटिंग बदललं. आकडा जागेवर आला.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब. "कुणी केलं हे?"

मला कायम करायला दोन आठवडे उरले होते.

"माझ्याकडनं झालं, साहेब," अण्णा म्हणाले. "वय झालं की हो."

साहेब सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते बोलले. अण्णा खाली मान घालून ऐकत राहिले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "अण्णा, उद्या मी साहेबांना खरं सांगणार."

"सांग की. कायम झाल्यावर सांग."

"पण तुम्ही का ऐकून घेतलंत?"

अण्णांनी खिडकीची काच जरा सरकवली.

"आमची लेक सुमा गेल्या महिन्यात चेन्नईला रुजू झाली. हेच काम. घर सोडून पहिल्यांदाच गेलीय पोर." मग म्हणाले, "रोज फोनवर जेवलीस का तेवढंच विचारतो. तिथं तिच्याजवळ कुणी म्हातारा आहे का, ते विचारायचंच राहिलं बघ."