बॅटरीचा स्वेटर

बॅटरीला स्वेटर विणणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. उदगीरला आमच्या शेजारीच राहते. महानंदाकाकू ओट्यावर बसून काडेपेटीएवढा लाल स्वेटर विणत होत्या.

"कुणाच्या बाळाला, काकू?"

"बाळ न्हाई सर, बॅटरी हाय. वर लई थंडी असते."

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी भौतिकशास्त्र शिकवायचो आणि काकू काचेची भांडी धुवायच्या. निवृत्त झाल्या आणि फुग्याला लटकवायचे डबे बनवू लागल्या. थर्माकोलचा डबा, आत तापमान मोजणारा सेन्सर, जीपीएस आणि एक सिमकार्ड. फुगा ढगांच्याही कितीतरी वर जाऊन फुटतो, डबा हवाई छत्रीनं खाली येतो आणि कुठं पडलो ते मेसेजनं कळवतो. म्हणजे कळवायला हवं. पहिले दोन गेले ते गेलेच. थंडीनं बॅटरी मेली, असं काकूंचं निदान.

गल्लीला करमणूक झाली. दूधवालासुद्धा विचारायचा, "काकू, फुगा आला का माघारी?" मीही शहाणपणा केला.

"काकू, हे आपलं काम नव्हे."

सुया थांबल्या. "मग कुणाचं हाय? तुमचं? तीस वर्सं तुम्ही फळ्यावरच फुगे उडवत राहिले की!"

मी ओट्याखाली घरंगळलेला लोकरीचा गुंडा उचलून दिला. काकूंच्या सुया पुन्हा चालू झाल्या.

"तिसरा सोडणार. त्यो बी गेला तर चौथा. हसा किती हसायचं ते! एकदा पोचल्याचं कळलं की झालं."

परवानगीचा कागद कमरेला खोचून काकूंनी एके दिवशी सकाळी मैदानातून फुगा सोडला. मग ओट्यावर फोन समोर ठेवून बसल्या. हा फोन एरवीही मुकाच असतो. मुलगा बेंगळुरूला, त्याचा फोन दिवाळीला येतो. तीन तास झाले.

"गेला वाटतं," मी म्हणालो.

"गप बसा, सर."

तेवढ्यात फोन वाजला. 'पोचलो.' हा शब्द काकूंनीच डब्यात भरून ठेवला होता. त्याखाली देवणी गावाजवळचा पत्ता. मी आनंदानं ओरडलोच आणि स्कूटर काढायला पळालो.

परत आलो तर काकू एका बोटानं काहीतरी टाइप करत होत्या. मी डोकावलो. 'बरं. जेवून घे.'

"अहो काकू, डब्याला वाचता येत नाही!"

"माहीत हाय. सर्किट मीच जोडलंय." त्यांनी पदरानं फोनची काच पुसली. "पण पोचलो म्हणून कुणी कळवलं, तर गप कसं बसावं? पोरगं बेंगळुरूला गेलं तवापासून पैल्यांदाच कळवलंय कुणी."