कमलमावशीचा गोळ्यांचा उपास

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात कमलमावशी स्टेजवर चढली, नवरदेवाच्या हातात बी-कॉम्प्लेक्सची गोळी ठेवली, पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "घे गा, माझ्यासमोर गीळ. हळदीपासून जागून राहिला, बॉडी मांगते." मागे आहेराची पाकिटं धरून उभी असलेली रांग थांबली. भावानं मुकाट्यानं गोळी गिळली. लग्नाच्या व्हिडिओत हे सगळं आहे. फोटोग्राफरला वाटलं, हा आमच्यातला काही विधी असेल, म्हणून बिचाऱ्यानं झूम करून घेतलं.

कमल गजभिये, नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीतलं शेवटून दुसरं घर. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेली, त्यामुळे समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी ट्रंककॉल लावल्यासारखी बोलते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी रायपूरला दिलेली. माझी काही ती सख्खी मावशी नव्हे, पण तिला मावशी न म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचा आहे.

"अन्नात आता काय राहिलं वं? नुसता चोथा!" हा तिचा सिद्धान्त. जगात जे जे बिघडतं त्यामागे कशाची तरी कमी असते. माझा नवरा चिडला, तर बी-ट्वेल्व्हची कमी. भाजीवाल्यानं वजनात मारलं, तर झिंकची कमी. शेजारच्या वकिलांची पोरगी पळून गेली तेव्हा सगळी गल्ली कुजबुजत होती, आणि ही भर रस्त्यात म्हणते, "आयर्न कमी होतं तिच्यात. मी तिच्या मायले तेव्हाच सांगतलं होतं!"

सकाळी फाटक वाजलं की समजायचं. "जयभीम वं नंदा! तोंड काहून सुकलं? हे घे." गोळी हातावर, मग चहा, मग तासभर गप्पा. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटतात, तर ही पातेल्याशेजारी चघळायच्या कॅल्शियमची बाटली घेऊन उभी. आजाऱ्याला भेटायला जाताना केळी-सफरचंद न्यायची रीत तर तिनं गल्लीतून पार उखडून टाकली. "केळं खाऊन कोण उठलं आजवर? गोळ्या न्या!" म्हणून आमच्याकडे कोणी आजारी पडलं की लोक गोळ्यांचं पाकीट घेऊन भेटायला जातात. हसू नका, सवय झाली होती.

आणि मागच्या वर्षी तिच्याच छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. गल्ली सुन्न झाली. जिच्यात कशाचीच कमी नव्हती, तिला हे काहून व्हावं? मावशी मात्र पाय रोवून उभी. "गोळ्यांची चूक नाही वं," म्हणाली, "गाठीची चूक आहे." ऑपरेशन नीट पार पडलं. मुलगी तेवढ्यापुरती येऊन राहिली, पण लेकरांच्या शाळा होत्या, परत गेली. पुढे रेडिएशन होतं, काही आठवडे रोज. तर मावशी माझ्या स्कूटरवर मागे, आणि मी पुढे.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "घरी काही गोळ्या सुरू आहेत का?" मावशीनं पर्स टेबलावर उलटी केली. डॉक्टरीण तरुण होती, बघतच राहिली. एक बाटली घरंगळत खुर्चीखाली गेली.

"मावशी," ती म्हणाली, "उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी मारायला आपण किरणं देतो. या मोठ्या डोसच्या ए, सी, ई वगैरे गोळ्या त्या पेशींनाही वाचवतील अशी शंका आहे. पक्कं कोणीच सांगू शकत नाही, पण जोखीम कशाला घ्यायची? किरणं संपेपर्यंत हे सगळं बंद. मग रक्त तपासू, जे कमी असेल तेवढंच देऊ. मला विचारल्याशिवाय काही नाही. जेवण मात्र भरपूर करायचं."

मला वाटलं, आता इथे महाभारत होणार! मावशीनं डोळे बारीक केले आणि एकच विचारलं, "तू कुठली वं?"

"खाप्याची."

"नदीकडची का बाजाराकडची?"

"नदीकडची."

झालं! मावशीचं माहेर खापा. माहेरच्या पोरीचा शब्द मोडायचा म्हणजे कन्हान नदीला पाठ दाखवायची. बाहेर येऊन हेल्मेट घालता घालता म्हणाली, "म्हंजे मी चोरालेच जेवू घालून राहिली होती! बंद, नंदा. एकदम बंद." घरी पोचताच तिनं गोळ्यांचा सगळा साठा फराळाच्या मोठ्या डब्यात कोंबला आणि माझ्या हवाली केला. "मी मांगितला तरी देऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून गल्ली भेटायला आली, आणि मावशीनं शिकवलं होतं तशीच आली. कोणी सी, कोणी ई, कोणी खास इतवारी बाजारातून आणलेला गव्हांकुराचा भुक्का. पळून गेलेल्या पोरीची आई, वकीलबाई, आल्या त्या आयर्न घेऊन. मुद्दाम. "घ्या ना मावशी," गोड आवाजात म्हणाल्या, "बॉडी मांगते."

"मांगू दे. मले डॉक्टरनं मनाई केली."

"पण अन्नात तर काही राहिलंच नाही आता! तुम्हीच तर सांगता."

मावशी चूप. उभ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा चूप बघितलं. मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटत होतं! लोक गेले की ती पाकिटं मी उचलून आणायची आणि माझ्याकडचा डबा आणखी भरायचा.

अर्धी किरणं झाली आणि मावशी खचली. छातीवरची कातडी काळवंडली, ब्लाऊज लागला तरी आग व्हायची. एका दुपारी भिंतीला धरत माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डबा आण."

"नाही आणत."

"अंगात जीव नाही वं नंदा. तुझ्या तीन पायऱ्या चढता नाही येऊन राहिल्या. एकच दे. खाप्याच्या पोरीले कोण सांगायले जाते?" आणि रडली. ट्रंककॉलचा आवाज असलेली बाई, पण रडताना आवाज नव्हता. खरं सांगते, मी डब्यापर्यंत गेले होते. द्यावी का एक? बिचारीला खरंच गरज असली तर? पण इतके दिवस निभावलं ते एका गोळीपायी घालवायचं? मी डब्याऐवजी फोन उचलला, डॉक्टरिणीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"थकवा किरणांचाच आहे," डॉक्टरीण म्हणाली, "संपल्यावर हळूहळू जाईल. पण मावशी, जेवता काय तुम्ही?"

मावशी खिडकीबाहेर बघायला लागली. मी दटावलं तेव्हा बोलली. चहा आणि टोस्ट. सकाळी तेच, रात्री तेच. "एकटीसाठी काय कुकर लावायचा?"

मला असा राग आला म्हणता! जगाला ताकद वाटत फिरणारी बाई स्वतः टोस्टवर जगत होती, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आम्हा बायकांना पत्ता नाही. डॉक्टरिणीनं फोनवरच फर्मान काढलं: डाळ, अंडी, भाजी, दही. पोटभर.

संध्याकाळी मावशी गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि आवाज लावला. "ऐका गा! ऐका वं! माझ्या घरी आता गोळी येणार नाही. ज्याले यायचं त्यानं डबा घेऊन या. अन्नात लय काही हाय, मीच चुकली!"

हे ऐकायला वकीलबाई गॅलरीत आल्या होत्या. पहिला डबा त्यांचाच आला. वरण-भात, वर तुपाची धार. मग माझी पाटवडी आली, कोणाची अंड्याची भाजी, कोणाचं ज्वारीचं आंबील. मावशी चव घेऊन शेरे मारायची. "मीठ विसरली का वं? तिखट कमी कर, माझं पोट काय सावजीचं हॉटेल हाय?" आणि डबा ठेवून कोणाला परत जाऊ द्यायची नाही. "उभ्या उभ्या काहून जाता? बसा, माझ्यासंग खा." तिच्या समोरच्या खोलीत रोज पंगत बसू लागली.

शेवटच्या दिवशी मशीनच्या खोलीचं दार उघडलं आणि मावशी दोन्ही हात वर करून बाहेर आली. ऑपरेशनच्या बाजूचा हात पूर्ण वर जात नव्हता, तिनं तो दुसऱ्या हातानं धरून उचलला! रांगेतले पेशंट टाळ्या वाजवायला लागले. "एक बी गोळी नाही खाल्ली!" ती ओरडली. खाप्याच्या पोरीनं तिला मिठी मारली. आम्ही गल्लीत शिरलो तर पोरांनी ढोल आणलेला. मावशी स्कूटरवरून उतरली ती नाचतच. वकीलबाई तिच्यासमोर फुगडीला उभ्या राहिल्या, मी मधे पडून सोडवलं. रडलो सगळ्या.

काही महिन्यांनी तपासण्या झाल्या. गाठीचा मागमूस नाही. रक्तात फक्त डी कमी निघालं, आठवड्यातून एक पुडी दुधातून घ्यायची.

"बस, येवढंच?" मावशीचा चेहरा पडला.

"एवढंच. बाकी सगळं ठणठणीत."

घरी आल्यावर मी तिचा डबा परत नेऊन दिला. तिनं झाकणही उघडलं नाही. "घेऊन जा. टाकून दे."

"मावशी, खरं सांग, इतकी वर्षं या गोळ्यांवर इतका विश्वास होता तुझा?"

"होता थोडा." ती पदराशी चाळा करत राहिली. "हे गेले ना, तेव्हा लोक महिनाभर आले. मग नाही आले. मग मीच जायची. पण एकटी बाई दारात उभी राहिली का लोक विचारते, काय काम काढलं? गोळी हातात असली का कोणी नाही विचारत. घरात घेते, चहा करते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता काय घेऊन येऊ वं तुझ्याकडे?"

मी डबा उचलला. घरी आले, डबा ओट्याखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी दारात उभी. पर्स नाही, पिशवी नाही, हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखी. आवाजही नाही केला. मी आत बोलावलं नाही, बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. मेथीची मोठी जुडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "कुठं होती एवढा वेळ? हे निवडून दे पटकन, पोरं भुकेली आहेत."

मावशी खाली फतकल मारून बसली. "काय जून मेथी आणली वं!" ती गरजली, आणि समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या.