समुद्री चाचा आणि पोळ्याच्या करंज्या

त्या दिवशी मी आंघोळ थोडी पुढे ढकलली असती, तर आज घरात माझं काही स्थान राहिलं असतं. पण बंबातलं पाणी तापलं होतं आणि संगणकाच्या पडद्यावर 'आपली चाल' अशी पाटी लुकलुकत होती. दोन्हींपैकी काहीच वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि रामकलीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, म्हणालो की माझी एक चाल देऊन ठेव, काही नाही, खालचं बटन दाबायचं फक्त.

हे चालीचं प्रकरण आधी सांगायला हवं. आमचे जावई हेमेंद्र पुण्याला एका लहानशा कंपनीत संगणकावरचे खेळ तयार करतात. (लग्नाच्या बैठकीत 'सॉफ्टवेअर' एवढंच सांगण्यात आलं होतं. खेळांचं कळेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.) त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, ते समुद्री व्यापाराचा एक खेळ रचत होते. काही बेटं, आपली काही जहाजं. कुठून काय उचलायचं आणि कुठे नेऊन विकायचं, ते मार्ग आपण आखायचे. वाटेत समुद्री चाचे टपलेले. सगळं पाळीपाळीनं चालायचं. आपण चाल देईपर्यंत अख्खा समुद्र जागच्या जागी खोळंबून राहायचा. हे मला फार आवडलं. नोकरीत माझ्या टेबलाभोवती अशीच शांतता असे.

खेळाला एक दुखणं होतं. चाचे बळकट केले की लोक भिऊन जहाजच सोडत नसत. दुबळे केले की त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. सगळे एकच फायद्याचा मार्ग आखून नुसतं बटन दाबत बसत. हेमेंद्रना मधली वाट सापडत नव्हती.

"बाबा, तुम्ही गोंदियाच्या रेल्वे मालधक्क्यावर उभं आयुष्य काढलंत," ते फोनवर म्हणाले, "मालाची ने-आण तुमच्याइतकी कोणाला कळणार? उपाय सुचला, तर खेळाच्या शेवटी सल्लागार म्हणून तुमचं नाव येईल."

संध्याकाळपर्यंत ही बातमी मी सुकरामजींना सांगून आलो होतो. सुकरामजी आमच्या पाठीमागच्या घरात राहतात, परसाची भिंत एकच, पण दारं दोन गल्ल्यांना. त्यांच्या पूर्वजांनी अर्जुनीकडे तलाव बांधले, आणि ते तलाव त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला भरून वाहतात. माझ्या पूर्वजांनी माळव्यातून इकडे येण्यापलीकडे काही केलेलं नाही, त्यामुळे आजवर मी ऐकून घेत आलो होतो. त्या संध्याकाळी प्रथमच माझ्याकडे बोलायला समुद्र होता.

मग मी कामाला लागलो. मालधक्क्याचा सगळा अनुभव ओतून नियम केले. परवान्याशिवाय जहाज हलणार नाही, सील तपासल्याशिवाय बंदर सोडणार नाही, सोबत दोन लढाऊ नौका असल्याशिवाय मोकळ्या समुद्रात शिरणार नाही. चाचे हात चोळत बसले. माझं एकही जहाज लुटलं गेलं नाही. अर्थात माझं एकही जहाज कुठे पोचलंही नाही. बंदरात तांदळाला सोंडे लागले. हेमेंद्रना हे कळवलं, तेव्हा ते म्हणाले, "बाबा, फार सखोल विचार केलाय तुम्ही." सखोल म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या ऑफिसात अशा गोष्टी कपाटाच्या तळाशी जात.

तर मी आंघोळ करून बाहेर आलो. रामकली खुर्चीत मांडी घालून बसली होती. माझा तांदूळ बंदरातून निघून धाकट्या बेटावर पोचला होता, आणि तेच जहाज मिठानं भरून परतीच्या वाटेला लागलं होतं. एक चाल द्यायला सांगितली होती, तिनं आठ दिल्या होत्या. लढाऊ नौका बंदरातच.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"तुमचं जहाज रिकामं वापस येऊन राहिलं होतं," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "असं कोणी रिकामं भांडं धाडते का जी?"

आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चार मिरच्या तरी घालायच्या. रामकली आणि सुकरामजींची गंगाबाई यांच्यात एक स्टीलचा डबा वर्षानुवर्षं असा फिरतो आहे की तो मूळचा कोणाचा, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही. तेवढ्या अनुभवावर या बाईनं सात समुद्र पालथे घालायला घेतले होते.

मी हसत हसत हे हेमेंद्रना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, आणि मग म्हणाले, "बाबा, जरा आईंना देता का?"

हे शब्द त्या पावसाळ्यात मी किती वेळा ऐकले असतील. फोन मी उचलायचा, पाऊसपाण्याची चौकशी माझ्याशी व्हायची, आणि मग जरा आईंना. जी बाई जावयासमोर डोक्यावरचा पदर सरळ करण्यापलीकडे काही बोलत नसे, ती आता त्यांना कोणत्या बेटाला काय कमी पाडायचं ते सांगत होती. प्रत्येक बेटाकडे दुसऱ्याला हवं असं काहीतरी ठेवा, म्हणजे कोणीच रिकामं परतणार नाही, वगैरे. मी समोर बसून तांदूळ निवडत असे. (निवडता निवडता ऐकता यावं म्हणून. एरवी तो निवडलेलाच असायचा.) खुर्चीही गेली. मी जवळ गेलो की ती मान न वळवता सांगे, "थांबा जी, माझी पाळी चालू आहे."

आणि सुकरामजी. ते भिंतीवरून विचारत, "काऊन जी केवलरामजी, वहिनीले पुण्यावरून फोन येते म्हणते रोज?" तलावाचं पाणी माझ्या समुद्रात शिरत होतं.

पण चाच्यांचं दुखणं तसंच होतं. तिथे रामकलीची मात्रा चालेना. जहाजं भरून जात-येत होती आणि मधेच लुटली जात होती. तेवढ्यात हेमेंद्रनी खेळात एक सोय केली: दुसऱ्या माणसाला चाच्याची बाजू घेता येईल. मी तात्काळ घेतली. व्यापार तिनं सुधारावा, चाचेगिरी मी सुधारीन. नाव दोघांचं येईल, आणि माझं वर येईल, असा हिशेब होता.

संगणक एकच. तिची पाळी असली की मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे तोंड करून उभं राहायचं, माझी पाळी असली की ती कुकर बघायला जायची. पहिल्याच झपाट्यात मी तिचं सगळ्यात मोठं जहाज अख्खं लुटलं. पोतं न पोतं. ती आली, पडदा बघितला. तिनं तो मार्ग बंद करून टाकला.

पुढच्या पाळीला समुद्र रिकामा. त्याच्या पुढच्याही. माझे खलाशी आधी बिस्किटं संपवून बसले, मग एकेक करून उतरून जाऊ लागले. मी पुण्याला तक्रार केली की खेळात बिघाड आहे, आई जहाजच सोडत नाहीत.

"मग तुम्ही खाता काय, बाबा?" हेमेंद्रनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला ते टोचलं.

अशात पोळा आला. सकाळी जावयाचा फोन: आधी रामकलीशी, मग माझ्याशी. म्हणाले, आईंचं नाव सल्लागार म्हणून पक्कं केलं. मी विचारलं, आणि माझं? ते म्हणाले, "बघतो, बाबा."

बघतो. हा शब्द मी मालधक्क्याच्या खिडकीत बसून इतक्यांना दिला होता की त्यात काय असतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नेमक्या त्याच वेळी रामकलीनं माझ्या हातात तो स्टीलचा डबा दिला आणि करंज्या गंगाबाईकडे देऊन यायला सांगितलं. आता एक खुलासा. मला साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे, आणि घरात गोडाची दारं माझ्यासाठी बंद आहेत. पण डबा पोचवण्याचं काम माझ्याकडे आहे. मधे बोरिंगच्या, म्हणजे हातपंपाच्या, पलीकडे एक कडुनिंब आहे. त्याच्या आडोशाला डबा उघडायचा, दोन उचलायच्या, बाकीच्या सारख्या करून झाकण लावायचं. येतानाही तसंच. आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हात मुरलेला होता.

त्या दिवशीही मी दोनच उचलणार होतो. पहिली खाताना 'बघतो' आठवलं. दुसरी खाताना 'जरा आईंना देता का' आठवलं. तिसरीला सुकरामजी आठवले. मग माझं काही माझ्या हातात राहिलं नाही. आठवायला पुष्कळ होतं, आणि करंज्याही बऱ्याच होत्या. भानावर आलो तेव्हा डब्यात थोडा चुरा होता. तोही मी ठेवला नाही.

रिकामा डबा घेऊन गंगाबाईकडे जाणं शक्य नव्हतं. मी बोरिंगवर डबा धुतला, थोडा वेळ काढला आणि घरी येऊन सांगितलं की दिल्या. रामकलीनं झाकण उघडलं. आत काही नाही.

"पोळ्याच्या दिवशी रिकामा?" ती एवढंच म्हणाली, आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

तिकडे गंगाबाई पोळ्याला वाट बघत राहिली, करंजी आली नाही. तिनंही तोंड फिरवलं. बोरिंगवर दोघी समोरासमोर आल्या तर फक्त दोघींच्या घागरी बोलत. आणि मार्ग बंद झाल्याबरोबर मला कळलं की माझं अर्धं पोट त्या डब्यावर चाललं होतं. गंगाबाईच्या कोथिंबिरीच्या सांभारवड्या बंद, गुळातलं लोणचं बंद. घरात दुधीची पातळ भाजी आणि भाकर. सुकरामजी भिंतीवरून माझ्याकडे बघत. त्यांचेही हालच होते. तलावांचा विषयसुद्धा निघेना. पडद्यावर माझ्या जहाजावर एक खलाशी उरला होता, आणि तो रोडावलेला दिसत होता.

हे किती लांबलं असतं कोण जाणे, पण आमची मुलगी रुचि गंगाबाईला मावशी म्हणते. एका दुपारी तिनं मावशीला फोन केला, मग आईला केला. आईचा फोन स्पीकरवर होता, कारण तिचे दोन्ही हात कणकेत होते.

"आई, मावशी म्हणते करंज्या आल्याच नाहीत. तू म्हणतेस डबा रिकामा आला. मग डबा नेला कोणी?"

पाळी माझी होती, हे सगळ्यांनाच कळत होतं. मी कालनिर्णयाकडे तोंड केलं.

"अख्ख्या खाल्ल्या?" रामकलीनं विचारलं. तिच्या आवाजात राग होता, पण त्याहून आश्चर्य जास्त होतं. "दोन घेतल्या असत्या त कोणी काही म्हटलं असतं का? दोन त मी नेहमी तुमच्यासाठीच जास्तीच्या टाकत होती."

"तुले माहीत होतं?"

"गंगालेही माहीत आहे. येतानाचे दोन ती टाकते. मी नाही टाकले त तुमी तिच्या वाट्याचे खासान, मग तिले कमी पडन, मग ती काऊन धाडन काही?"

निवृत्तीनंतर मी एकच धंदा गुपचूप आणि कौशल्यानं केला होता. त्याचा पगार दोन्ही घरांतून मंजूर होता.

तेवढ्यात फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागे हेमेंद्र होते. "आई, हे परत सांगा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "चाचा थोडंच घेतो, व्यापारी तेवढं जास्तीचं भरतो, म्हणून मार्ग चालू राहतो. सगळं घेतलं की मार्ग बंद, आणि चाचाच उपाशी. आई, हेच, हेच तर सापडत नव्हतं."

"हो जी, पण त्यायची साखर वाढली ना," रामकली म्हणाली.

संध्याकाळी ती स्वतः डबा घेऊन गंगाबाईकडे गेली. बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं. कशाला हसत होत्या, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर खेळ तयार झाला. हेमेंद्र आणि रुचि तो घेऊन आले. सुकरामजी गंगाबाईला घेऊन येऊन पहिल्या खुर्चीत बसले, कारण माझं नाव येणार हे त्यांना मीच वर्षभरापूर्वी सांगून ठेवलं होतं. शेवटची नावं सरकू लागली. व्यापारी मार्ग, सल्लागार: रामकली. चाचेगिरी, सल्लागार: रामकली आणि गंगाबाई. मग पुण्याची बरीच मंडळी. मग काळोख.

"बाबा, तुमचं नाव शेवटी नाही, खेळातच आहे," हेमेंद्र घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी खेळ सुरू केला. एका कडुनिंबाच्या बेटाआडून एक जहाज निघालं. त्यावर चष्मा लावलेला, पोट सुटलेला एक चाचा उभा होता. खाली लिहिलं होतं: चाचा केवल. अत्यंत सोपा. दोन पोती दिली की शांत होतो.

सुकरामजींनी बराच वेळ पडदा न्याहाळला. "हुबेहूब आहे जी," ते म्हणाले. "आमच्या पूर्वजायचं त कुठी चित्रही नाही."

पोळ्याच्या सकाळी डबा पुन्हा माझ्या हातात आला. कडुनिंबाआड मी तो उघडला. बाकीच्या करंज्या खाली नीट रचलेल्या होत्या आणि माझ्या दोन वर, वेगळ्या कागदावर. एकीचा तुकडा तोडून तोंडात टाकला. आत मेथीची पूड होती, आणि कडू जिऱ्याचाही वास येत होता. साखर नावाला नाही. खालच्या दोन उचलून या दोन तिथे सरकवाव्यात, असा विचार मनात आला. पण मग गंगाबाईला मेथी गेली असती, आणि पुढचं मला पाठ होतं.

मी दोन्ही मेथीच्या करंज्या संपवल्या, झाकण लावलं आणि बोरिंगवर जाऊन भरपूर पाणी प्यायलो. येताना गंगाबाईनंही आठवणीनं माझ्या दोन सांभारवड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या तिनं कारल्याच्या केल्या होत्या.